सोळा, आठ आणि पाच : 1991 चा एक पेपर पुन्हा वाचताना

माझ्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमधलं तिसरं वाक्य असं होतं : अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत प्रथिनांचं ऑक्सिडेशन त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा जास्त असतं. पुढे कंसात, स्मिथ आणि सहकारी, 1991. सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा पेपर वाचलाय का?" मी म्हणाले, "हो सर." वाचला नव्हता. तो मी एका रिव्ह्यूमधून उचलला होता, आणि त्या रिव्ह्यूनेही बहुधा दुसऱ्या रिव्ह्यूमधून. सर चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, "घरी गेलात की अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा शेवट वाचा."

त्या शुक्रवारी मनमाडला घरी आले आणि रात्री तो वाचला. चार पानांचा पेपर आहे. वाचून झाल्यावर कान गरम झाले, कारण माझं वाक्य त्या पेपरात नव्हतंच. उलट, जवळजवळ त्याच्या विरुद्ध लिहिलं होतं.

पेट नाहीतर नेट झालेली, गाइड शोधणारी, 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा विषय डोक्यात असलेली बरीच मुलंमुली हा ब्लॉग वाचतात म्हणून आज या एकाच पेपरबद्दल लिहिते. पेपर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझी तक्रार त्याच्या नावावर पुढे जे खपवलं गेलं त्याबद्दल आहे, आणि खपवणाऱ्यांत मीही होते.

आधी पार्श्वभूमी. प्रथिन ऑक्सिडाइझ होतं म्हणजे काय? पेशीत लोह किंवा तांब्याचे आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते प्रथिनाच्या अमिनो आम्लांवर तुटून पडतात. लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन, थ्रिओनिन यांच्या बाजूच्या साखळ्यांवर त्यातून कार्बोनिल गट तयार होतो. हा बदल पेशीला सहसा उलटवता येत नाही, म्हणून 'नुकसान मोजायचं' म्हटलं की कार्बोनिल मोजतात.

गंमत अशी की ही सगळी गोष्ट मेंदूपासून सुरूच झाली नाही. ती सुरू झाली बॅक्टेरियापासून. अमेरिकेतल्या एनआयएचमध्ये अर्ल स्टॅटमन, रॉडनी लेव्हिन ही मंडळी ई. कोलायमधलं ग्लुटामिन सिंथेटेज नावाचं एन्झाइम अभ्यासत होती. पेशी ते एन्झाइम मोडीत काढते, पण मोडण्याआधी ते ऑक्सिडाइझ होऊन निष्क्रिय होतं, असं त्यांनी 1981 मध्ये दाखवलं. म्हणजे ऑक्सिडेशन हा कचऱ्यावर मारलेला शिक्का. पुढच्या दहा वर्षांत हाच शिक्का म्हाताऱ्या प्राण्यांत शोधला गेला आणि 1991 मध्ये माणसाच्या मेंदूत. स्टॅटमन या पेपरचे सहलेखक आहेत आणि मोजलेल्या दोन एन्झाइमांपैकी एक ग्लुटामिन सिंथेटेज आहे, हा योगायोग नाही. ज्या साधनाची सवय असते त्यानेच माणूस पुढचा प्रश्न मोजतो. हा दोष नाही, पण वाचणाऱ्याला ठाऊक हवं.

आता पेपर. मृत्यूनंतर मिळालेले मेंदूचे नमुने : 16 अल्झायमरचे, 8 त्याच वयोगटातल्या निरोगी माणसांचे, 5 तरुणांचे. एकूण 29 माणसं. प्रत्येकाच्या मेंदूचे दोन भाग घेतले, पुढचं टोक आणि मागचं टोक, म्हणजे फ्रंटल आणि ऑक्सिपिटल पोल. त्यात कार्बोनिल मोजलं आणि ग्लुटामिन सिंथेटेज व क्रिएटिन कायनेज या दोन एन्झाइमांची क्रिया मोजली.

निष्कर्ष असा की वय वाढतं तसं कार्बोनिल वाढतं, आणि पुढच्या टोकाला ते मागच्यापेक्षा दुप्पट वेगाने वाढतं. तरुणांशी तुलना केली तर दोन्ही वृद्ध गटांत, म्हणजे अल्झायमरवाल्यांत आणि निरोगी वृद्धांतही, कार्बोनिल जास्त आणि एन्झाइमांची क्रिया कमी. आणि आता सरांनी सांगितलेला शेवट : अल्झायमर आणि निरोगी वृद्ध यांना वेगळं काढणारी मोजणी एकच निघाली, ग्लुटामिन सिंथेटेजची क्रिया. कार्बोनिलने ते दोन गट वेगळे पडले नाहीत.

पुन्हा वाचा. म्हातारपणी प्रथिनं ऑक्सिडाइझ होतात, हे या पेपरने दाखवलं. अल्झायमर झालेल्यांची जास्त होतात, हे कार्बोनिलने दाखवलं नाही. लेखकांनी ते लपवलेलंही नाही, अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये उघड लिहिलंय. तरी माझ्या वाक्यात ते उलटं होऊन आलं. कसं? शीर्षकामुळे, असा माझा अंदाज. शीर्षकात प्रथिनांचं जादा ऑक्सिडेशन आहे, एन्झाइमांचा बिघाड आहे, सामान्य वार्धक्य आहे आणि अल्झायमर आहे. चार गोष्टी एका ओळीत. घाईत वाचणारा पहिली आणि शेवटची उचलतो.

मग माझं वाक्य खोटंच का? नाही, आणि इथेच माझी जास्त चिडचिड झाली. त्या दाव्याला आधार देणारा पेपर आहे, पण तो दुसरा आहे. 1995 मध्ये हेन्सली आणि सहकाऱ्यांनी, केंटकीच्याच मंडळींनी, पोलऐवजी हिप्पोकॅम्पस आणि इन्फिरिअर परायटल लोब्यूल हे भाग घेतले, म्हणजे जिथे अल्झायमर खरंच घर करतो ते भाग. आणि तुलना केली त्याच मेंदूच्या सेरेबेलमशी, जो या आजारात बराच वाचलेला असतो. अल्झायमरच्या मेंदूत या भागांत सेरेबेलमपेक्षा जास्त कार्बोनिल सापडलं, निरोगी मेंदूंत तसा फरक नव्हता. मला हवं होतं ते इथे होतं. मी चुकीच्या दारात उभी राहून बरोबर पत्ता सांगत होते. 'शेवटी खरंच निघालं ना?' असं एक मैत्रीण म्हणाली. नाही गं. कुठला भाग घेतला यावर उत्तर बदलतं, हीच तर त्या दोन पेपरांतली सगळ्यात कामाची माहिती, आणि चुकीच्या संदर्भामुळे नेमकी तीच गाळली जाते.

1991 च्या पेपरचं मला आवडलेलं अंग म्हणजे एकाच मेंदूचे दोन भाग घेणं. मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू काढला, रुग्ण शेवटचे काही दिवस व्हेंटिलेटरवर होता का, नमुना फ्रीझरमध्ये किती वर्षं पडून होता, या सगळ्याचा प्रथिनांवर परिणाम होऊ शकतो. दोन वेगळ्या माणसांची तुलना केली की हा गोंधळ आत शिरतो. एकाच माणसाच्या दोन भागांची तुलना केली की बराचसा बाहेर राहतो. बराचसा म्हणते, सगळा नाही, कारण मृत्यूनंतर दोन भाग सारख्याच वेगाने बिघडतात याची खात्री कोणी दिलीय? आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी आहे, आणि तिथल्या संशोधकांनी हाच कंटाळवाणा वाटणारा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला : मृत्यूनंतर वेगवेगळ्या अंतराने मिळालेल्या मेंदूत प्रथिनं कितपत टिकतात. तो अभ्यास 2009 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. असे पेपर फारसे चर्चेत येत नाहीत. पण पोस्टमॉर्टेम नमुन्यांवर काम करणार असाल तर दहा रिव्ह्यू बाजूला ठेवून आधी असा एक वाचा.

पाच तरुण मात्र मला खुपतात. कार्बोनिल वयासोबत घातांकी वाढतं, असं म्हणायला वक्राचं तरुण टोक पाच माणसांवर उभं आहे. यातला एखादा नमुना नीट धुतला गेला नसेल तर?

धुण्याबद्दल थांबून सांगायलाच हवं, कारण ही टेस्ट मी स्वतः लावते. डीएनपीएच नावाचं रसायन कार्बोनिलला चिकटतं आणि पिवळा रंग येतो. नमुन्यात आम्लात विरघळवलेलं डीएनपीएच घालायचं, तासभर अंधारात ठेवायचं, टीसीएने प्रथिनांचा साका खाली बसवायचा, इथेनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणाने धुवायचा, ग्वानिडीनमध्ये विरघळवायचा आणि 370 नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं. कागदावर सोपं. अडचण अशी की डीएनपीएच स्वतःच पिवळं आहे. धुणं कमी पडलं तर उरलेलं रसायन कार्बोनिल म्हणून मोजलं जातं. जास्त धुतलं तर साका टिपमधून निघून जातो आणि आपण रडतो. नमुन्यात डीएनए, आरएनए राहिले तर तेही घोळ घालतात, म्हणून काही जण आधी स्ट्रेप्टोमायसिन सल्फेटने ते काढून टाकतात. माझ्या पहिल्या तीन बॅचमध्ये एकाच नमुन्याच्या तीन ट्यूबांचे तीन आकडे आले होते, आणि दोन ट्यूबांमधला फरक मला दोन गटांत दाखवायच्या फरकापेक्षा मोठा होता.

हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांचं दुखणं नाही. 1995 मध्ये काओ आणि कटलर यांनी ऊतींमध्ये डीएनपीएचने कार्बोनिल मोजताना काय काय अडतं यावर अख्खा पेपर लिहिला. पद्धत टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. पण 'कार्बोनिल वाढलं' हे वाक्य वाचल्यावर पहिला प्रश्न 'कसं धुतलं, ब्लँक कोणता घेतला, प्रथिन कशावरून मोजलं' हा हवा.

आणखी एक. कार्बोनिल दिसलं म्हणजे प्रथिनावर थेट ऑक्सिडेशनचा घाव बसला, असंही नाही. मेंदूत चरबी भरपूर. ती ऑक्सिडाइझ झाली की एचएनई, अ‍ॅक्रोलीनसारखे तुकडे सुटतात आणि प्रथिनाला जाऊन चिकटतात. त्यांच्यासोबतही कार्बोनिल येतं. साखर चिकटूनही येतं. डीएनपीएचला हे सगळे एकाच रंगाचे दिसतात.

आता कारण आणि परिणाम. शनिवारी सकाळी हे सगळं पप्पांना सांगत होते. ते इथल्या रेल्वे वर्कशॉपला आहेत, पुलांचे गर्डर बनतात तिथे. आपल्या विषयात ऑक्सिडेशन समजवताना सगळे गंजाचं उदाहरण देतात, मीही दिलं. पप्पा म्हणाले, "गंज दिसला की एवढंच कळतं, रंग गेलाय नि पाणी साचतंय. गर्डर गंजामुळे वाकला, का आधी वाकला म्हणून रंग तडकला, ते गंजाकडे बघून कसं सांगशील?" मी म्हटलं, हेच तर.

मृत मेंदू म्हणजे सिनेमाची शेवटची फ्रेम. तीत गंज आहे. आजारामुळे पेशी मरायला लागल्या म्हणून तो चढला, की तो चढला म्हणून पेशी मेल्या, हे त्या फ्रेममध्ये नाही. 1991 च्या लेखकांनी ग्लुटामिन सिंथेटेज कमी होणं आणि ग्लुटामेटचं चयापचय बिघडणं यांचा संबंध सुचवला. सुचवला, सिद्ध केला असं म्हणाले नाहीत. एन्झाइमची क्रिया कमी होण्याची निदान तीन कारणं असू शकतात : रेणू खराब झाले, रेणूच कमी बनले, किंवा ते ज्यांच्यात बनतात त्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचंच काही बिनसलं. हे एन्झाइम अल्झायमरच्या मेंदूत स्वतःच जास्त ऑक्सिडाइझ झालेलं असतं हे दिसायला 2002 उजाडलं, जेव्हा बटरफिल्ड यांच्या गटाने जेलवर प्रथिनं वेगळी करून कोणतं प्रथिन ऑक्सिडाइझ झालंय हे एकेक ओळखलं. त्यात क्रिएटिन कायनेज आणि ग्लुटामिन सिंथेटेज दोन्ही होते. माझ्या मते या विषयातली खरी पायरी ती होती. 'किती' वरून 'कोणतं' वर येणं.

कारण दाखवायचा प्रयत्नही झाला होता, 1991 मध्येच. कार्नी आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या जर्बिलांना पीबीएन नावाचं मुक्त मूलकं पकडणारं रसायन दिलं आणि कार्बोनिल कमी झालं, स्मरणाच्या चाचणीत प्राणी सुधारले, असं मांडलं. पेपर गाजला. पीबीएनचाच एक भाऊबंद, एनएक्सवाय-059, पुढे पक्षाघाताच्या रुग्णांवर तपासला गेला. पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दिसली, 2007 मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या, आणखी मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. पक्षाघात म्हणजे अल्झायमर नव्हे, हे मान्य. पण जर्बिलापासून माणसापर्यंतची वाट किती घसरडी आहे ते कळतं.

व्हिटॅमिन ई ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, कारण तिच्या कॅप्सूल घरोघरी आहेत. आमच्याकडेही आजीच्या औषधांच्या डब्यात 'मेंदूसाठी' म्हणून कुणीतरी आणून दिलेली एक बाटली आहे. 1997 मध्ये मध्यम-तीव्र अल्झायमरच्या 341 रुग्णांवर केलेल्या चाचणीत व्हिटॅमिन ई ने आजाराचे पुढचे टप्पे काहीसे लांबल्याचं दिसलं, पण सुरुवातीच्या गुणांतला फरक हिशेबात धरल्यावर. 2005 मध्ये सौम्य विस्मरणाच्या 769 जणांवर फायदा दिसला नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीत रोजची कामं करण्याची क्षमता जरा हळू घसरली. म्हणजे एकदा हो, एकदा नाही, एकदा थोडंसं. यातून दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीचं वर्ष उचलतात. मला मात्र 2012 ची एक लहान चाचणी जास्त बोलकी वाटते. त्यात ई, सी आणि अल्फा लिपोइक आम्ल एकत्र दिलेल्या गटात पाठीच्या कण्यातल्या द्रवातला चरबीच्या ऑक्सिडेशनचा मार्कर खरंच खाली आला. अमायलॉइड आणि टाऊचे मार्कर हलले नाहीत. आणि त्या गटाची बौद्धिक घसरण जास्त वेगाने झाल्यामुळे लेखकांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. चाचणी 16 आठवड्यांची होती, माणसं थोडी होती, त्यावरून मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. पण मार्कर सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही, हे इतक्या सरळ क्वचितच दिसतं. आजीची बाटली मी फेकली नाही. डॉक्टरांना दाखवायला बाजूला काढून ठेवलीय.

'ऑक्सिडेशन झालं की प्रथिनांच्या गुठळ्या होतात' हे आणखी एक वाक्य सिनॉप्सिसमध्ये हमखास असतं. पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लीन घ्या. त्यात चार मेथिओनिन आहेत. ती ऑक्सिडाइझ केली तर परीक्षानळीत त्याचे तंतू बनणं रोखलं जातं, असं 2002 मध्ये उव्हर्स्की, फिंक वगैरेंनी दाखवलं. म्हणजे 'नुकसान' झालेलं प्रथिन तंतू बनवत नाही! आणि मेथिओनिनचं हे ऑक्सिडेशन कार्बोनिलच्या टेस्टमध्ये दिसतच नाही, कारण त्यात कार्बोनिल बनत नाही. शिवाय पेशीकडे ते दुरुस्त करणारं एन्झाइमही आहे. तेव्हा 'प्रथिनांचं ऑक्सिडेशन' हा एकच शब्द आपण निदान तीन-चार वेगळ्या घटनांना वापरतो.

याच प्रथिनावरचं, आपल्या पवईतलं काम मी पुढच्या बॅचला आवर्जून देते. आयआयटी बॉम्बेमधल्या समीर माजी यांच्या प्रयोगशाळेचा 2020 मधला नेचर केमिस्ट्रीतला पेपर. अल्फा-सिन्युक्लीन आधी द्रवाच्या थेंबांसारखं गोळा होतं आणि ते थेंब हळूहळू घट्ट होऊन त्यांतून अमायलॉइड तयार होतं, असं त्यांनी परीक्षानळीत दाखवलं. पेशींमध्येही थेंब बनतात आणि पुढे त्यांचे पुंजके होतात, हे दाखवलं. आम्लता वाढवणं किंवा कुटुंबांत आढळणारी म्युटेशन्स यांसारखे, गुठळ्या वाढवतात म्हणून आधीच माहीत असलेले घटक थेंबही वाढवतात, हेही तपासलं. ऑक्सिडेशनसाठी मी हा पेपर देत नाही. देते ते यासाठी की इथे आधी काय आणि नंतर काय हे डोळ्यासमोर घडताना बघितलंय. याचीही मर्यादा आहेच : परीक्षानळी आणि वाढवलेल्या पेशी म्हणजे सत्तर वर्षं चाललेला मेंदू नव्हे. पण शेवटची फ्रेम बघून कथा रचण्यापेक्षा आधीच्या दहा फ्रेम मिळवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

माझ्या सिनॉप्सिसचं काय झालं? दुसऱ्या फेरीत ते तिसरं वाक्य तीन वाक्यांचं झालं. पहिल्यात वयासोबत कार्बोनिल वाढतं, स्मिथ 1991. दुसऱ्यात अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि परायटल भागात, त्याच मेंदूच्या सेरेबेलमच्या तुलनेत, ते जास्त आढळलंय, हेन्सली 1995. तिसऱ्यात, हे आजाराचं कारण आहे की परिणाम हे या नमुन्यांवरून ठरवता येत नाही. मी आधी 'कार्बोनिल कमी करणारी वनस्पतिजन्य संयुगं' असा जो मोठा उद्देश लिहिला होता, तो या तिसऱ्या वाक्यापुढे टिकेना. तो काढावा लागला आणि चार महिने गेले. त्याच्या जागी आता एकच एन्झाइम आहे, आणि ते निष्क्रिय होणं आधी की पेशीचा ताण आधी, हे वेळेनुसार मोजायचं आहे. माझ्या गाइडना नवं शीर्षक आधीच्यापेक्षा लहान वाटलं. आहेच लहान.

समितीतले ते सर परवा कॉरिडॉरमध्ये भेटले. म्हणाले, "हेन्सलीचा पूर्ण वाचलात ना, की तोही अ‍ॅब्स्ट्रॅक्टच?" पूर्ण वाचलाय, सर. मेथड्ससकट.